माशीच्या पोटाखालची गोचीड

विनोदिनी लांजेवार यांनी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली आणि त्यातली निम्मी तरी दोरीच्या गाठी बघण्यात गेली. रायपूर स्टेशनावर उतरलेलं पोतं वाटेत कुणी सोडून बघितलं का, हे त्या गाठीवरून सांगत. माल पाठवणारा गाठ मारतो ती घाईत, एका झटक्यात. चोरून सोडणारा मात्र परत बांधताना जपून बांधतो, आणि त्या जपण्यातच सापडतो. हमाल आपसात म्हणत, लांजेवार मॅडम दोरीला विचारतात आणि दोरी त्यांना नाव सांगते.

ही नजर ऑफिसातच राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत परत यायची. दूध आलं की आधी नखावर थेंब. भाजी आणली की घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. तरुणपणी लग्नाची दोन स्थळं आली होती. पहिल्या मुलाच्या ऑफिसात त्या स्वतः जाऊन चौकशी करून आल्या, तेव्हा तो दारू पितो असं कळलं. दुसऱ्याच्या चौकशीत काहीच वाईट निघालं नाही. एवढं काहीच निघत नाही म्हणजे नीट लपवलेलं असणार, असं म्हणून त्यांनी त्यालाही नकार दिला. वडील भंडाऱ्याहून रेल्वेत लागून इकडे आले होते, सरळ माणूस. त्यांनी डोक्याला हात लावला आणि पुढे तो विषय काढला नाही.

मधमाश्यांशी त्यांची ओळखही पार्सलमधूनच झाली. एका उन्हाळ्यात फलाटावर लाकडी पेट्यांचा एक ढीग दोन दिवस पडून होता. आतून गुणगुण येत होती, म्हणून हमाल जवळ जाईनात. विनोदिनीबाईंनी गोणपाट भिजवून त्यावर टाकलं आणि दर तासाला पाणी शिंपडलं. मालक आला तेव्हा त्यानं उपकार मानून एक पेटी उघडून दाखवली. हजारो माश्या, आणि एकही दुसरीच्या वाटेत येत नव्हती. विनोदिनीबाईंना ते दृश्य फार आवडलं. इथे कुणी कुणाला फसवत नव्हतं, असं त्यांना वाटलं.

पुढे छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, जुन्या गल्ल्यांतून लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या. बावन्नाव्या वर्षी विनोदिनीबाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, मधमाशीपालनाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण केलं आणि दहा पेट्या आणल्या. जागा मिळाली ती माना रस्त्यापलीकडे, हरिदास मानिकपुरीच्या बाडीत. बाडी म्हणजे त्याचा भाजीचा मळा: वांगी, दोडकी, काकडी आणि बांधावर शेवग्याची रांग. हरिदास पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याला माश्या हव्याच होत्या, कारण त्या आल्यापासून काकडी भरभरून लागत होती. त्याची बायको मीरा दर रविवारी विनोदिनीबाईंसाठी चहा आणायची आणि पेट्यांपासून चार हात लांब बसून गप्पा मारायची. चौथ्या वर्षी पेट्या बावीस झाल्या.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या दसऱ्यानंतर, एका सकाळी विनोदिनीबाईंना सातव्या पेटीसमोर जमिनीवर माश्या रांगताना दिसल्या. उडायचा प्रयत्न करत होत्या, पण उडत नव्हत्या. पंख चुरगळलेल्या कागदासारखे. त्यांनी मोजल्या, एकोणीस भरल्या. पुढच्या रविवारी पाच पेट्यांसमोर तेच चित्र होतं, आणि मोजणं हाताबाहेर गेलं होतं.

हे विष आहे, असं त्यांच्या मनानं तिथेच ठरवून टाकलं. विष म्हटलं की फवारणी, आणि फवारणी म्हटलं की वांगी. त्यांनी मान वर करून वांग्याच्या वाफ्याकडे पाहिलं. हरिदास तिकडे पाठमोरा वाकून काहीतरी करत होता.

त्यांनी विचारलं तेव्हा तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मैं कुछू नइ छिड़के हंव, मॅडम."

मी काही फवारलं नाही, एवढंच. शपथ नाही, राग नाही. विनोदिनीबाईंना तेच खटकलं. निर्दोष माणूस चिडतो, दहा गोष्टी सांगतो, असा त्यांचा पार्सल ऑफिसातला अनुभव. हा तर जपून बोलला.

मग त्यांचं जुनं काम पुन्हा सुरू झालं. आधी त्या फक्त रविवारी जात. आता मंगळवारी, शुक्रवारी, कधी भर दुपारी न सांगता जाऊ लागल्या. गोठ्यामागे फवारणीचा पंप टांगलेला असायचा. त्याच्या पट्ट्यावर त्यांनी खडूची बारीक रेघ ओढली. पंप कुणी पाठीवर घेतला तर ती पुसली जाणार होती. कोपऱ्यात त्यांना एक बाटली दिसली, लेबल फाडलेलं. ती त्यांनी हुंगली, वास उग्र होता. मेलेल्या माश्या त्या पाकिटात भरत आणि पाकिटावर तारीख लिहीत. घरी कपाटात अशी अकरा पाकिटं जमली.

खडूची रेघ मात्र पुसली गेली नाही. दोन आठवडे जशीच्या तशी. तेव्हा विनोदिनीबाईंच्या मनात आलं की याच्याकडे दुसरा पंप असणार.

मग त्या मीरालाच आडून आडून विचारू लागल्या: शेजारच्यांकडून पंप मागून आणता का तुम्ही, हरिदास रात्रीचा शेतात जातो का. मीरा भोळी होती, पण इतकी नव्हती. तिनं नवऱ्याला सांगितलं असावं. पुढच्या खेपेला विनोदिनीबाई बाडीत शिरल्या तेव्हा हरिदास पंपासमोरच उभा होता आणि त्या रेघेवरून हळूहळू अंगठा फिरवत होता. त्यानं खडूनं पांढरा झालेला अंगठा पाहिला, मग विनोदिनीबाईंकडे पाहिलं. पंप खुंटीवरून काढला आणि घरात घेऊन गेला.

त्या दिवशी चहा आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

विनोदिनीबाईंनी मग दुसरी युक्ती केली. चौबे कॉलनीत त्यांची धाकटी बहीण वनमाला राहत होती. तिच्या गच्चीवर त्यांनी सहा पेट्या हलवल्या. गच्चीच्या आसपास ना वांगी, ना फवारणी. इथल्या माश्या सुधारल्या की तिकडचा गुन्हा आपोआप सिद्ध होणार होता. वनमाला कुरकुरली, पण मोठ्या बहिणीपुढे तिचं कधी चाललं नव्हतं. तिची मुलगी देवश्री कॉलेजात होती. तिला मराठी पूर्ण कळायची पण उत्तर हिंदीतच द्यायची; ती पेट्यांपासून दूर, जिन्याच्या दारात उभी राहून बघायची.

तीन आठवडे गेले. एका सकाळी देवश्रीनंच फोन केला, "मावशी, यहाँ भी चल रही हैं. पैदल."

विनोदिनीबाई रिक्षा करून गेल्या. गच्चीच्या पांढऱ्या चुन्यावर माश्या रांगत होत्या, तसेच आखडलेले पंख घेऊन. क्षणभर त्यांची नजर शेजारच्या गच्चीकडे गेली. तिथे एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती. त्या बाईच्या हातातल्या झारीकडे आपण टक लावून पाहतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच थोडी लाज वाटली. दोन ठिकाणं, दोन वेगळे शेजारी, आणि दुखणं एकच. दोन्हीकडे सारख्या अशा फक्त पेट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अकरा पाकिटं पिशवीत घालून त्या कृषी महाविद्यालयात गेल्या. तिथे कीटकशास्त्रात कौमुदी गावंडे नावाची अकोल्याची मुलगी नव्यानंच लागली होती. मराठी आडनाव ऐकून विनोदिनीबाईंना बरं वाटलं आणि लगेच, आपलीच माणसं गोड बोलून जास्त फसवतात, हेही आठवलं. त्यांनी पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली आणि यात कोणतं विष आहे तेवढं लिहून द्या, असं सांगितलं.

कौमुदीनं एक एक माशी चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरली. मग म्हणाली, "मॅडम, विषानं मेलेल्या माशीची जीभ बहुतेक वेळा बाहेर आलेली असते. यांची एकीचीबी नाही. आन् हे पंख पाहा, उडून खराब नाही झाले. जन्मालाच असे आले."

"म्हणजे?"

कौमुदीनं एक माशी उलटी केली आणि भिंग त्यांच्याकडे सरकवलं. पोटाखाली, दोन वलयांच्या फटीत, काहीतरी तपकिरी, चपटं, मोहरीहून लहान असं चिकटलेलं होतं. खेकड्याच्या पिल्लासारखं, रुंदीला जास्त. कौमुदीनं सांगितलं की याला माईट म्हणतात. गुराला गोचीड तशी ही माशीला. ही पोळ्याच्या बंद होणाऱ्या घरात अळीसोबत शिरते, तिथेच अंडी घालते आणि माशी बाहेर येते तेव्हा पंख गेलेले असतात. उत्तरेकडे दोन-तीन वर्षांत पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. मग तिनं किती आहेत ते मोजायची रीत दाखवली: अर्धा कप माश्या (म्हणजे साधारण तीनशे), पिठीसाखर, जाळीच्या झाकणाची बरणी. शंभर माश्यांमागे तीनच्या वर किडे निघाले तर औषधाला लागायचं.

हे ऐकताना विनोदिनीबाईंची नजर कौमुदीच्या मागच्या फळीवर गेली. तिथे एक खोका होता, त्यावर मधमाशीचं चित्र आणि औषधी पट्ट्यांचं नाव. रोग सांगणारी आणि औषध ठेवणारी एकाच खोलीत. त्यांनी पाकिटं परत पिशवीत भरली, आभार मानले आणि औषधाचं नावही न विचारता निघून आल्या.

पण वाटेत त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी, वीतभर तारेची जाळी आणि पावशेर पिठीसाखर घेतली. दुसऱ्याच्या मोजणीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. स्वतःच्या मोजणीवर होता.

गच्चीवरची पहिली पेटी त्यांनी उघडली. अळ्यांच्या फ्रेमवर, म्हणजे पोळ्याच्या चौकटीवर, राणी नाही हे दोनदा बघितलं, मग फ्रेम झटकून माश्या परातीत घेतल्या, अर्धा कप बरणीत ओतल्या, वर जाळी बसवली आणि दोन चमचे साखर जाळीतून चाळली. बरणी आडवी धरून हळूहळू फिरवली तशा माश्या पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. दोन मिनिटं बरणी सावलीत ठेवली. मग उपडी करून पांढऱ्या ताटलीवर मिनिटभर हलवली. साखर पडली. तिच्यावर पाणी शिंपडलं, साखर विरघळली आणि ताटलीत तपकिरी ठिपके उरले. त्यातले काही चालत होते.

विनोदिनीबाईंनी टाचणीनं एक एक बाजूला सारत मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. चौतीसच. तीनशे माश्यांमागे चौतीस म्हणजे शंभराला अकराच्या वर. पांढऱ्या माश्या त्यांनी पेटीत परत सोडल्या. त्या चिडल्या होत्या पण जिवंत होत्या. दुसऱ्या पेटीत सत्तावीस निघाले. तिसरी पेटी त्यांची सगळ्यात लाडकी होती, माश्यांनी ओसंडून वाहणारी, जिच्याबद्दल त्यांना काही शंकाच नव्हती. तिच्यात एक्केचाळीस.

त्या गच्चीच्या कठड्याला टेकून बसल्या. देवश्रीनं जिन्यातून विचारलं, "क्या निकला?" त्यांनी ताटलीकडे बोट दाखवलं.

पण आता दुसराच प्रश्न उभा राहिला होता. हे आणलं कुणी? विनोदिनीबाईंच्या डोळ्यांसमोर नरेश आला. नरेश मुजफ्फरपूरकडचा, ट्रकभर पेट्या घेऊन फुलांमागे गावोगाव फिरणारा. गेल्या थंडीत तो निलगिरीच्या बहराला रायपूरजवळ उतरला होता आणि जाताना त्यानं त्यांना चार पेट्या दिल्या होत्या. त्या घेताना विनोदिनीबाईंनी काय तपासलं नव्हतं! प्रत्येक फ्रेम दोन्ही बाजूंनी मोजली, मध बोटावर घेऊन चाखला, लाकडाला वाळवी आहे का ते नखानं उकरून पाहिलं, राणी खरंच याच वर्षीची आहे का म्हणून त्याला तीनदा विचारलं. सगळं केलं. फक्त माशीचं पोट उलटून पाहिलं नव्हतं.

त्यांनी नरेशला फोन लावला. तो कुठल्याशा मोहरीच्या शेतात होता, आवाज तुटत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दीदी, मेरे भी आधे डिब्बे खतम हो गए. रायपुर से लौटने के बाद. मैं तो समझा आप लोगों के तरफ़ से कुछ लग गया."

खोटं बोलताना माणूस किती जपून शब्द वापरतो हे विनोदिनीबाईंना माहीत होतं. नरेशच्या आवाजात जपणं नव्हतं. होता तो वैताग, आणि तोही त्यांच्याकडे बोट दाखवणारा. नंतर त्यांनी कौमुदीला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की आधी कुणाकडून कुणाकडे गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येत होती. नरेशच्या चार पेट्या जोमात होत्या म्हणून विनोदिनीबाईंनी पावसाळ्याआधी त्यांतल्या अळ्यांनी भरलेल्या फ्रेम काढून अशक्त पेट्यांना वाटल्या होत्या. एक सातव्या पेटीला, एक बारावीला, एक पंधरावीला. कुठली कुठे गेली ते त्यांनी झाकणावर खडूनं लिहून ठेवलं होतं. त्यांचंच अक्षर. हरिदासच्या पंपावर जो खडू फिरला, तोच.

कौमुदीकडे त्या पुन्हा गेल्या. फळीवरच्या खोक्याबद्दल सरळच विचारलं. कौमुदी हसली नाही, रागावलीही नाही. खोका खाली काढून तिनं आतल्या पट्ट्या दाखवल्या, कुठल्याशा प्रयोगासाठी आलेल्या आणि मुदत संपलेल्या. म्हणाली, तुम्हाला या नकोच. फॉर्मिक अ‍ॅसिड वापरा, रसायनांच्या दुकानात मिळतं. त्याची वाफ बंद घरातल्या किड्यापर्यंतही पोचते. लहान कुपीत पाच मिली, तोंडाला कापसाची वात, पेटीच्या तळाशी ठेवायची, रोज भरायची, दोन-तीन आठवडे. हातमोजे घालायचे, वाफ नाकात घ्यायची नाही, ऊन असेल तर करायचं नाही, आणि औषध आहे तोवर मध काढायचा नाही. नरांच्या मोठ्या घरांत हा किडा जास्त शिरतो, तेव्हा ती पोळी कापून फेकायची.

"आन् मॅडम," ती म्हणाली, "एकटीनं करू नका. पेट्या उचलाले माणूस लागते."

माणूस एकच होता.

त्या संध्याकाळी विनोदिनीबाई बाडीत गेल्या तेव्हा हरिदास आवारात दोरी वळत बसला होता. त्यांना बसा म्हणायला कुणी उठलं नाही. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि एका काडेपेटीत जपून आणलेली माशी तळहातावर उलटी ठेवली. काय बोलायचं ते त्यांनी रिक्षात ठरवलं होतं, पण इथे आल्यावर त्यातलं काही आठवेना. त्या नुसतंच म्हणाल्या, "देखो."

हरिदासनं भिंग डोळ्याला लावलं, लांब केलं, परत जवळ आणलं. बराच वेळ पाहिलं.

"किन्नी," तो म्हणाला. गायीच्या अंगावरच्या गोचिडीला तो किन्नीच म्हणायचा. मग भिंग खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "त ये मोर दवाई के काम नोहय न?" तर हे माझ्या औषधाचं काम नाही ना?

"नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं की एवढ्यानं भागत नाही. "तुमचं काहीच नाही, हरिदास. माझंच काम आहे हे. मीच फ्रेम वाटल्या. आन् तुमच्या पंपावर रेघ ओढली."

हरिदास दोरीकडे वळला. बोलली ती मीरा. ती दारात उभी होती, हात पदरात गुंडाळून. म्हणाली, "दीदी, आपने आषाढ़ में कहा था न, मक्खी मर जाएगी. तब से इन्होंने एक बार भी दवाई नहीं मारी. भांटा पूरा इल्ली खा गई."

विनोदिनीबाईंनी अळीनं खाल्लेल्या वांग्याच्या वाफ्याकडे पाहिलं. त्या वाफ्यावर त्यांनी दोन महिने पाळत ठेवली होती. पंप पाहिला, बाटली पाहिली, बुटांचे ठसे पाहिले. सुकून खाली वाकलेले शेंडे आणि भोकं पडलेली वांगी त्यांना दिसलीच नव्हती. आषाढात आपण असं काही बोललो होतो हेही त्या विसरल्या होत्या. फाटक्या लेबलाच्या बाटलीबद्दल त्यांनी विचारलं नाही, पण मीरानंच सांगितलं की त्यात कडुनिंबाचं तेल आहे, तिच्या सांध्यांसाठी.

माफीचा शब्द विनोदिनीबाईंच्या तोंडून निघाला की नाही, हे पुढे त्यांनाही नक्की सांगता येईना. मीरा म्हणायची निघाला नव्हता. पण त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत, हे मीराच सगळ्यांना सांगायची. जाताना हरिदासनं एकच विचारलं, कल कितने बजे.

गच्चीवरच्या सहा पेट्या परत बाडीत आल्या. मार्गशीर्षातले एकवीस दिवस दोघांनी ते काम केलं. ऊन कललं की विनोदिनीबाई यायच्या, नाकातोंडावर ओला फडका, हातात रबरी मोजे. हरिदास पेटीचा वरचा मजला उचलायचा, त्या कुपी भरून ठेवायच्या. नरांची घरं उघडून बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. काट्यानं झाकण उचकटलं की पांढरीशुभ्र अळी बाहेर यायची आणि तिच्यावर तपकिरी किडे, कधी एक, कधी पाच. प्रत्येक पेटीच्या तळाशी व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद होता. पहिल्या तीन दिवसांत त्यावर इतके किडे पडले की कागद खडबडीत लागायचा. नंतर कमी होत गेले.

सगळ्या पेट्या वाचल्या नाहीत. दोन राण्या औषधाच्या वाफेनं मेल्या, सात पेट्या आधीच इतक्या खंगल्या होत्या की थंडीत रिकाम्या झाल्या. ती सगळ्यात लाडकी पेटीही त्यात गेली. माघापर्यंत बावीसच्या तेरा उरल्या. त्या तेरांत बरणी फिरवली तेव्हा आकडा शंभराला दोनच्या वर कुठे गेला नाही.

चहा पुन्हा सुरू झाला, पण लगेच नाही. होळीनंतर. तोही आधी मीरा ओट्यावर ठेवून आत निघून जायची. शेजारी येऊन बसायला तिला वैशाख उजाडला. हरिदासचं वेगळंच. विनोदिनीबाई आल्या की तो हातातलं जे असेल ते, विळा, दोरी, डबा, त्यांना दिसेल असं समोर ठेवायचा आणि मगच बोलायचा. त्याला ते कळत होतं की नाही कुणास ठाऊक. विनोदिनीबाईंना कळत होतं. आपण एखाद्याला काय शिकवून जातो, हे त्यांना दर खेपेला बघावं लागायचं. त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता.

त्यांचा स्वभाव बदलला असं कुणी म्हणणार नाही. दुधाचा थेंब नखावर पडतच राहिला. दर तीन आठवड्यांनी त्या बरणी फिरवत, आणि फुलांच्या मोसमात बाहेरून कुणी पेट्या घेऊन आला की ट्रकवरून पहिली पेटी उतरायच्या आधीच पिठीसाखर घेऊन तिथे हजर. काही जण त्यांना हाकलून देत. हाकलणाऱ्यांत नरेशही होता. तो दुसऱ्या वर्षी आला, तेव्हा त्यानं आपल्या पेट्यांना हात लावू दिला नाही आणि उलट त्यांच्या पेट्यांचा आकडा मागितला. दोघांनी बांधावर उभं राहून एकमेकांना आकडे सांगितले आणि दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला नाही. शेवटी दोघांच्या दोन-दोन पेट्या दोघांसमोर उघडल्या, तेव्हा कुठे गाडी खाली झाली.

त्याच वर्षी कार्तिकात विनोदिनीबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे धूळ, धूर आणि वाकणं बंद. बाडीत कागद बदलायचे दिवस होते. हरिदास म्हणाला, मी मोजतो. तो रोज देवश्रीच्या फोनवर कागदावर पडलेल्या किड्यांचा आकडा सांगायचा आणि देवश्री तो वहीत लिहायची. चार. तीन. सहा. विनोदिनीबाई वनमालाच्या घरी पलंगावर डोळ्याला हिरवी पट्टी लावून ऐकायच्या. तीनचे सहा एका दिवसात कसे झाले? की तीनच चुकीचे होते? चौथ्या दिवशी त्यांनी देवश्रीला सांगितलं, तू जाऊन कागद पाहून ये.

देवश्री म्हणाली, "मावशी, आप ठीक होके खुद देख लेना. मैं नहीं जाऊँगी."

इतक्या वर्षांत त्या घरात त्यांना कुणी असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पण पुढच्या दिवशी आकडा आला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या बाडीत गेल्या. हरिदासनं गोठ्यातून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात सगळे कागद होते, प्रत्येक पेटीचे वेगळे, मध्ये वर्तमानपत्र घालून, कोपऱ्यात तारीख. जपून ठेवा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आप देखबे करहू, मोला पता रहिस," तो म्हणाला. तुम्ही बघणारच, मला माहीत होतं.

विनोदिनीबाईंनी वरचा एकच कागद घेतला. हरिदासचा आकडा चौदा होता. त्यांनी नव्या डोळ्यानं मोजले, तेरा भरले. एक ठिपका त्यांनी सोडला होता. ती धूळ आहे, त्या म्हणाल्या. हरिदास म्हणाला, धूळ नाही. त्यांनी भिंग लावलं, मग त्याच्याकडे दिलं, मग परत घेतलं. मीरा चहा घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये कप धरून उभी राहिली. शेवटी विनोदिनीबाईंनी टाचणीच्या टोकानं तो ठिपका उलटा केला. त्याला पाय होते.

"चौदा," त्या म्हणाल्या, आणि बाकीचे कागद न बघता डबा बंद केला. किडा पुन्हा वाढत होता; त्याच आठवड्यात कुप्या भरायला घ्याव्या लागणार होत्या.